थाळी मासे आणि डाळीचं पाणी

आमच्या शाळेत पिण्याच्या पाण्याच्या माठाला हात लावायची मला मनाई होती, पण माशांच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालायची पूर्ण मोकळीक होती. आज हे लिहिताना मलाच ते खोटं वाटतं. तेव्हा मात्र त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मनाई कुठे लिहून ठेवलेली नव्हती. उलट शाळेच्या दर्शनी भिंतीवर सगळे समान असल्याचं सुवाच्य अक्षरांत रंगवलेलं होतं आणि नेमका त्याच भिंतीखाली माठ होता. आम्हा चार-पाच जणींना तहान लागली की किसन चपराशाला हाक मारायची. त्याने यायचं, ओगराळ्याने वरून पाणी सोडायचं आणि आम्ही ओंजळ धरायची. किसन बाहेर गेलेला असला तर तहान मारायची. शाळेचं आणि हेडसरांचं नाव मी इथे लिहीत नाही. हेडसरांची नातवंडं असतील कुठे कुठे, त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. बाकी जे झालं ते झालं तसंच लिहिणार आहे. वय झालं की राग निवतो असं लोक म्हणतात. माझा तरी निवलेला नाही.

राजूरच्या पट्ट्यातल्या एका कोळशाच्या खाणीवर आम्ही राहायचो. खाणीने मजुरांसाठी बांधलेल्या बारा-बारा खोल्यांच्या रांगा होत्या, त्यांना सगळे 'लायनी' म्हणत. आमची लाइन शेवटची. माझा बा खाणीत छताला लाकडी टेकू द्यायचं काम करायचा. लाकूड वाजवून बघितलं की ते किती वजन पेलेल हे त्याला कळायचं. दिवसातून तीनदा भोंगा व्हायचा आणि त्या भोंग्यावर सगळ्या लायनींच्या चुली पेटायच्या, विझायच्या. वाळत घातलेल्या धोतरावर संध्याकाळपर्यंत काळी पूड बसायची. माय ते झटकून पुन्हा दोरीवर टाकायची आणि खाणीला एक शिवी द्यायची. बा नागपूरला जाऊन धम्म घेऊन आला त्या वर्षी आमच्या घरातले देव ओढ्यात गेले आणि माझं नाव बदललं. येसी होते, ती यशोधरा झाले. बा स्वतः शाळेत जाऊन हजेरीपटावर ते नाव लिहवून आला होता. गुरुजी लोक हजेरी घेताना यशोधरा म्हणायचे. हेडसर शेवटपर्यंत 'ए येसे' म्हणत राहिले.

मासे आले ते मॅनेजरच्या बंगल्यातून. खाणीचा मॅनेजर बंगाली होता, त्याची बदली झाली. त्याच्या बायकोने दिवाणखान्यात काचेची मोठी पेटी ठेवली होती आणि तिच्यात कलकत्त्याहून डब्यातून आणलेले मासे होते. नव्या गावी ते नेणं काही जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तिने पेटी आणि मासे शाळेला भेट दिले. बैलगाडीत गादी घालून पेटी आली आणि मधल्या हॉलमध्ये बाकावर बसवली. सोन्यासारखे लाल सात-आठ मासे होते, ते सगळ्यांनीच चित्रात पाहिलेले होते. पण त्यांच्यात चार मासे असे होते की त्यांच्यासारखं काही आमच्या मुलखात कोणी पाहिलं नसेल. ताटलीसारखे गोल, आणि बाजूने इतके चपटे की समोर वळले की नाहीसेच व्हायचे. अंगाचा रंग भाजलेल्या शेंगांच्या टरफलाचा, कपाळावर निळ्या नागमोडी रेघा आणि डोळे तांबडेलाल. पोहायचे असे की जणू त्यांना कुठे जायची घाईच नाही. आम्ही त्यांना थाळी मासे म्हणू लागलो. जगात त्यांना डिस्कस म्हणतात आणि ते पार दक्षिण अमेरिकेतल्या नदीतले आहेत, हे मला चाळीस वर्षांनी कळलं.

विज्ञान शिकवायला मोहरील सर होते. हडकुळे, चष्म्याला दोरा बांधलेला, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघायचे. माणूस मनाने चांगला होता, हे मी आताच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याविषयी जे लिहिणार आहे त्यात ते चांगलेपण फारसं दिसणार नाही. पेटी त्यांच्या ताब्यात आली. पण तिचं पाणी कोण बदलणार, तळाची घाण कोण उपसणार? किसनने कानावर हात ठेवले. मुलांना मासे बघायला आवडत, घाण कोणालाच नको होती. हेडसर शुद्ध शाकाहारी, त्यांना पेटीजवळून जाताना उपरण्याने नाक धरायची सवय लागली होती. तेच म्हणाले, "मोहरील, ती येसी आहे ना, तिला सांगा. मासळीची सवय असते त्यांच्याकडे." मी तिथेच उभी होते. माझ्या देखत हे बोलताना त्यांना काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही वाटलं नाही. मला आनंदच झाला. मासे माझ्याकडे आले होते.

मोहरील सरांना माशांची तितकीच माहिती होती जितकी मला, म्हणजे काहीच नाही. त्यांनी कणकेच्या गोळ्या टाकायला सांगितल्या. लाल मासे त्यावर तुटून पडायचे, थाळी मासे बघायचेसुद्धा नाहीत. पेटी रिकामी रिकामी दिसते म्हणून सरांनी पोरांकरवी नदीतले बोटभर चांदीसारखे मासे आणून सोडले. त्या चिल्लर माशांनी दोन दिवसांत थाळी माशांच्या झालरीसारख्या परांचे लचके तोडले. दर रविवारी मी अख्खी पेटी रिकामी करून शाळेच्या विहिरीच्या ताज्या पाण्याने भरायची. स्वच्छ दिसायची पेटी. आणि दर सोमवारी थाळी मासे काळे पडलेले, अंगावर उभे नऊ-नऊ पट्टे उमटलेले, कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे. महिनाभरात त्यांचं कपाळ आत गेलं. मी त्यांच्यासमोर बसून राहायची. आपल्या हातून हे होतंय इतकं कळायचं, काय होतंय ते कळायचं नाही.

घरी मी रोज तेच पुराण लावायची. माय पहिल्यांदा हसलीच. "खाले भेटत नसन तर कायले पोसता वो असे मासे?" म्हणाली. पण एकदा संध्याकाळी ती चुलीपुढे बसली होती, अंबाडीची भाजी रटरटत होती, बा भाकर कुस्करत होता, आणि मी रडकुंडीला येऊन म्हणाले की मी दर आठवड्याला ताजं पाणी देते तरी ते मरायला टेकलेत. माय थांबली. म्हणाली, "कोनतं पानी देतं?"

"शाळेच्या विहिरीचं."

"त्या पान्यात तुरीची डाय शिजत नाही, मालूम हाय ना तुले? दोन घंटे जाय घातला तरी दाना तसाच. अन् थे बापडे दिवसरात्र त्याच पान्यात राह्यतेत. काय होईन त्याईचं?"

आमच्या भागात चुन्याचा दगड. जिथे जाल तिथे चुन्याच्या भट्ट्या. विहिरीचं पाणी आटवलं की भांड्याला पांढरा थर धरायचा. म्हणून माय पावसाळाभर पागोळीखाली खाणीतला जुना पत्र्याचा पिंप ठेवायची. आधी पत्रे धुऊन जाऊ द्यायची, मग धरलेलं पाणी फडक्याने गाळून झाकून ठेवायची. ते डाळीचं पाणी. त्याला अंघोळीला, भांड्याला कोणी हात लावायचा नाही. दिवाळीपर्यंत त्या पाण्यावर आमच्या घरात डाळ मऊ शिजायची. पिंपातलं पाणी संपलं की पुढच्या पावसापर्यंत आम्ही कचकचीत वरण खायचो. तिने त्या संध्याकाळी बाच्याकडे पाहिलं. बाने मान हलवली. "नेजो," माय म्हणाली. "पन एकदम नोको बदलू. रोज थोडं थोडं. मानसालेबी नवं पानी बाधते."

त्या साली आमच्या घरी पावसाळ्यातच डाळ शिजेनाशी झाली. मी रोज सकाळी दोन बादल्या पाणी घेऊन पाऊण मैल चालत शाळेत जायची. बा म्हणायचा, "हे मासे आता आपल्या घरी जेवाले हायत." पिंपाशेजारी देशी बदामाचं झाड होतं. माय पूर्वी त्याची पानं रोज वेचून काढायची, पण पाणी माशांचं झाल्यावर तिने झाकायचाही आणि वेचायचाही नाद सोडला. पानं पिंपात कुजली आणि पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस झालं. मी भीत भीतच ते पेटीत घातलं. आठ दिवसांत थाळी माशांच्या अंगावरचे पट्टे पुसले गेले. पंधरा दिवसांत मी सोडलेलं गांडूळ त्यांच्यातल्या मोठ्याने तोंडात घेतलं, थुंकलं, पुन्हा घेतलं आणि गिळलं. मी हॉलमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या. नदीचे मासे मी पुन्हा नदीत नेऊन सोडले. सरांना विचारलंही नाही.

मागच्या वर्षी नातीच्या घरी नागपूरला गेले होते. तिच्याकडे पेटी आहे, तिच्यात डिस्कस आहेत, पाणी गरम ठेवणारी कांडी आहे. कपाटात एक बाटली होती, तांबूस पाण्याची. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, बदामाच्या पानांचा अर्क आहे, आजी, माशांना मानवतो, बाहेरून मागवावा लागतो. मी बाटली हातात घेऊन किती तरी वेळ बसले. तिला वाटलं मी लेबल वाचते आहे.

दसऱ्याच्या पुढे एक नवल झालं. जत्रा भरल्यासारखी सगळी शाळा पेटीभोवती जमायची, कारण दोन थाळी मासे बाकीच्या दोघांना जवळ येऊ देईनात. मी पेटीत माझी फुटकी पाटी तिरकी टेकवून ठेवली होती, तिच्यामागे त्यांना लपायला बरं पडायचं. एका दुपारी त्या पाटीवर राळ्यासारखे दाणे चिकटलेले दिसले, ओळीने. दोघं आळीपाळीने त्यांना परांनी वारा घालत होती. मोहरील सर चष्मा वर करून काचेला नाक लावून उभे राहिले. "अंडी आहेत, यशोधरा," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा माझ्या खांद्याकडे न बघता माझ्याकडे बघून बोलले. "हे मी पुस्तकातसुद्धा वाचलेलं नाही. तू काय केलंस?" मी म्हटलं, "मी नाही सर. मायनं सांगितलं. डाळीचं पाणी." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. माझ्या समोर लिहून घेतलं. हे लक्षात राहू द्या.

त्याच शनिवारी निरोप आला की सोमवारी शिक्षण खात्याचे मोठे साहेब तपासणीला येणार. शाळेत धावपळ उडाली. चुना, पताका, मुलींना वेण्या घट्ट घालून यायचा हुकूम. हेडसर सगळीकडे फिरून बघत होते, ते पेटीपुढे थांबले. "हे काय?" म्हणाले. "गटार आहे का चहा?" मोहरील सर म्हणाले की पाणी मुद्दाम तसं आहे, माशांना ते मानवलंय. "कुठलं पाणी आहे हे?" हेडसरांनी विचारलं. सर चष्म्याचा दोरा चाचपू लागले. मीच म्हणाले, "आमच्या घरचं, सर." हेडसर माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी माठापाशी रोज बघत होते. त्यांनी पेटीवरची हाताची बोटं काढून उपरण्याला पुसली आणि पुढे गेले.

रविवारी मोहरील सर त्यांच्या गावी गेलेले. मी घरी, मायबरोबर गोवऱ्या थापत. त्या दिवशी हेडसरांनी किसनकडून पेटी पार कोरडी करवली. पाटी बाहेर काढून घासून धुवायला लावली. अंडी तिच्यावर होती. तळाची वाळू उन्हात टाकली, काच सोड्याने घासली आणि विहिरीचं थंडगार पाणी काठोकाठ भरलं. त्याच्या आदल्याच आठवड्यात विहिरीत जंतू मारायची पांढरी पूड टाकलेली होती, पाण्याला त्याचा दर्प येत होता. हे सगळं मला किसनने नंतर सांगितलं. तेव्हा तो म्हणाला, "मी मनलं सायबाले, पोरीले इचारून घेऊ. तर मले मनते, त्या पोरीचंच पानी काढून राह्यलो ना आपन!"

सोमवारी सकाळी पेटी आरशासारखी लखलखत होती. तीन थाळी मासे वर तरंगत होते, आणि चौथा तळाशी आडवा पडून कल्ले उघडझाप करत होता. लाल मासे तेवढे इकडून तिकडे फिरत होते. पाटी भिंतीला टेकवलेली होती, काळीभोर, स्वच्छ. मी मेलेले मासे काढायला हात घालणार एवढ्यात साहेब हॉलमध्ये आले, मागे हेडसर, मागे सगळे मास्तर. साहेब वाकून म्हणाले, "अरेरे. हे कसं झालं?" आणि हेडसर, कपाळाला एकही आठी न पाडता, म्हणाले, "एक मुलगी आहे साहेब, लायनीतली. घरून पाणी आणून टाकायची. कुठलं, कसलं पाणी, कोण जाणे. आम्ही कालच सगळं बदललं, पण उशीर झाला."

मोहरील सर चार हातांवर उभे होते. त्यांच्या वहीत माझ्या मायचे शब्द लिहिलेले होते. ते साहेबांच्या खांद्याकडे बघत राहिले. साहेबांनी 'च् च्' केलं आणि चित्रकलेच्या तक्त्यांकडे वळले. संपलं. हेडसरांवर मी आजही चिडते, पण ते हेडसरच होते, त्यांच्याकडून मी दुसरं काही मागितलंच नव्हतं. मोहरील सरांना मात्र मी माफ करू शकले नाही. ज्याला खरं माहीत असतं त्याचं गप्प बसणं मला फार लागतं.

शाळा सुटल्यावर संध्याकाळी ते आमच्या दारात आले. हातात पत्र्याचा डबा, डब्यात चौथा मासा. लायनीत मास्तर आलेला कोणी पाहिला नव्हता, शेजारपाजारची पोरं गोळा झाली. "यशोधरा, हा अजून जिवंत आहे," ते म्हणाले. "तुमच्या पिंपात पाणी असेल तर..."

मी हात पुढे केला नाही. "सकाळी काहून नाही बोलले, सर?" मी विचारलं. घरची बोली तोंडात आली.

ते म्हणाले, "माझी नोकरी कायम झालेली नाही अजून."

"वर्गात सांगान का? सगळ्याइपुढे?"

डब्यात मासा उलटा होत होता. माय पुढे झाली आणि माझ्या दंडाला धरून म्हणाली, "भांडन मंग करजो. जीव आधी पाह्य." तिने डबा त्यांच्या हातून घेतला. पिंपाच्या तळाशी रांजणभर पाणी उरलं होतं. तिने एका ओगराळ्याने थोडं थोडं डब्यात घातलं, बोलता बोलता, जसं तापातल्या लेकराला पेज पाजावी तसं. सर दारातच उभे होते. जाताना म्हणाले, "उद्या सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्याकडे तोंड करून म्हणाले, "पेटीतलं पाणी बदलताना माझ्याकडून चूक झाली. यशोधराचा त्यात दोष नाही." इतकं म्हणायलाही त्यांना धीर करावा लागला असेल, हे आता मला कळतं. पण मला खोटी माफी नको होती. मी उभी राहिले. "सर, तुमच्याकडून नाही झाली. तुम्ही रविवारी गावाला होता. हेडसरांनी किसनकाकाकडून पाणी बदलवलं. आणि आमच्या घरच्या पाण्याने मासे मेले नाहीत. आमच्या घरच्या पाण्यात त्यांनी अंडी घातली होती." दूरवर खाणीचं चाक फिरताना ऐकू येत होतं. तासाभरात ते हेडसरांच्या कानावर गेलं आणि मला आठ दिवस वर्गाबाहेर बसवलं. कारण लिहिलं होतं, उद्धटपणा.

मी घरी सांगितलं की मी आता शाळेत जाणार नाही. बा जेवत होता, त्याने हात धुतले. "जाशीन," म्हणाला. "भाहेर बसवलं तर भाहेर बस. पन जाशीन. तू नाही गेली तर त्याईचं काम झालं." आठ दिवस मी शाळेच्या कडुनिंबाखाली बसून खिडकीतून आत चाललेलं ऐकलं. मोहरील सर त्या आठ दिवसांत खिडकीपाशी उभं राहून, मोठ्याने शिकवायचे. एवढं त्यांच्या खात्यावर लिहायला हवं.

घरी चौथा मासा रांजणात वाचला. पण रांजणात वरून बघायचा तर थाळी मासा म्हणजे नुसती एक काळी रेघ. त्याचं सगळं रूप बाजूने. माझ्या तोंडावरचं बाने काय ओळखलं कोण जाणे, पण एका पाळीनंतर तो सागाच्या फळ्या घेऊन आला. खाणीच्या दिवेखोलीत रशीदचाचा होते, खाली उतरणाऱ्यांचे दिवे पुसून, भरून द्यायचे. त्यांनी एक जुनी जाड काच दिली आणि पुट्टी लावायला स्वतः आले. "बेटी, पानी का काम है, इसमें जल्दी नहीं चलती," म्हणत त्यांनी दोन दिवस सांधे भरले. तीन बाजू लाकडाच्या, एक काचेची अशी पेटी ओसरीवर उभी राहिली. रशीदचाचांनी वर एक दिवा टांगायची सोय करून दिली, थंडी वाढत होती म्हणून. शाळेतून परत आणलेली माझी फुटकी पाटी आत टेकवून मासा सोडला तेव्हा तो थोडा वेळ कोपऱ्यात थिजला, मग पाटीमागून हळूच बाहेर आला आणि काचेसमोर आडवा उभा राहिला. पट्टे नव्हते. तांबडा डोळा फिरला.

मग काय, बारा खोल्यांची लाइन आणि पुढच्या-मागच्या लायनी लोटल्या. पाळीवरून आलेली माणसं कोळशाने माखलेल्या तोंडांनी ओसरीपुढे उकिडवी बसायची. म्हाताऱ्या यायच्या, पाड्यावरच्या कोलाम बाया मोळ्या टेकवून बघायच्या. माय प्रत्येकाला सांगायची, "हात नोका लावू काचेले, थे भेते." मुलं मुठीत गांडुळं घेऊन यायची. पाणी कमी पडलं तेव्हा शेजारच्या तीन घरांनी आपापल्या पिंपातलं उरलेलं डाळीचं पाणी आणून दिलं. मी कोणाला मागितलं नव्हतं.

पौषात एका दुपारी किसन आला. हातात हेडसरांची चिठ्ठी. मी वाचून दाखवली. शाळेच्या मालकीचा एक मासा आपल्या घरी असल्याचं समजलं, तो शाळेची मालमत्ता असल्याने ताबडतोब परत करावा, नाहीतर पुढील कारवाई करण्यात येईल. किसन खाली बघून म्हणाला, "थो बंगाली म्यानेजर अन् त्याची बायको शनवारी येऊन राह्यले, मासे पाहाले. म्हनून घाई."

बा कामावर होता. मी चिठ्ठी चुरगळली आणि म्हणाले की मासा मिळणार नाही, जा. पण मायने मला हाताने मागे सारलं. ती कधी शाळेची पायरी चढलेली नव्हती, हेडसरांना तिने पाहिलेलंही नव्हतं. पदराला हात पुसत ती म्हणाली, "मासा शायेचाच हाय, किसनभाऊ. आमी नाही मनत नाही. खुशाल न्या मनावं. पन मासा नेसान तर पानी बी आमच्याच घरचं न्या लागन, नाहीतर मरन थो. अन् थे पानी न्याले हेडसायेबानं सोता या लागन. अन् त्या बंगाल्याच्या बायकोले सांगा लागन का मासा कोनाच्या पान्यात जगला. एवढंच सांगजो. जास्तीचं काही नोको बोलू."

किसनने ते मायकडून दोनदा म्हणवून घेतलं, म्हणजे विसरू नये. मग तो पेटीपुढे बसला, बराच वेळ बसला आणि गेला.

हेडसर आले नाहीत. चिठ्ठीही पुन्हा आली नाही. शनिवारी मॅनेजर आणि त्याची बायको शाळेत आली, तेव्हा मी वर्गात होते आणि हॉलमधलं बोलणं दारातून स्पष्ट ऐकू येत होतं. बाईंनी तुटक्या हिंदीत विचारलं, माझे चार मासे कुठे आहेत? हेडसर म्हणाले, फार वाईट झालं बाई, या वेळची थंडी त्यांना सोसली नाही. चारही गेले.

चौथा त्या वेळी आमच्या ओसरीवर होता. शेजारची दोन पोरं शाळा बुडवून त्याला गांडुळं खाऊ घालत होती.